तळमजल्यावरचा वर्ग

गुरुवार, १३ जुलै

दादा,

ती जिवंत आहे. पुढचं काही वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं वाच.

मामाला तुझा पत्ता विचारला तर म्हणाला, "ते विचारू नकोस. लिहायचं ते लिही आणि पाकीट चिकटवून दे, पोचेल." त्याच्या गॅरेजमधल्या कागदांनासुद्धा ऑइल लागलेलं असतं, तेव्हा डाग दिसले तर ते माझ्या रडण्याचे समजू नकोस.

तिच्या मांडीचं हाड मोडलंय, गुडघाही दुखावलाय. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डोक्याला काही लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल. कशी चालेल ते मात्र आत्ताच सांगत नाहीत. पाचवीत आहे. शाळेत सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती कधी एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. बाबा बसवर कंडक्टर आहेत, आईच्या मांडीवर तान्हं बाळ आहे. ती रांग सोडून रस्त्यावर पळाली होती, हेही लिहिते. ते खोटं नाही.

तुझ्या गाडीच्या शोधात पोलीस बेकरीवर इतक्या लवकर कसे पोचले, असं तुला वाटलं असेल. कुणीतरी गाडी ओळखली म्हणे. मी तेव्हा वर्गात होते.

बेकरीवाले घरी येऊन ओरडून गेले, की सकाळचा पाव आता काय डोक्यावरून पोचवू. आईने ऐकून घेतलं. आई बरी आहे, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला जाते. जरा कमी बोलते एवढंच.

शाळेत मला कुणी काही म्हणालं नाही. एखादीने तोंडावर दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी जवळ गेले की बोलणं थांबतं आणि सगळ्यांना एकदम दप्तरात काहीतरी शोधायचं असतं. हेडगर्लचा बिल्ला अजून माझ्याकडेच आहे. मिळाला त्या दिवशी तू बेकरीच्या गाडीत बसवून अख्ख्या गल्लीतून हॉर्न वाजवत नेलंस आणि समोरच्या आजींनी आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आता रोज सकाळी तो लावताना हात जड होतो.

वेळेवर जेव. लपून बसलेल्या माणसालाही भूक लागतेच.

तुझी,
ठकी


रविवार, २३ जुलै

दादा,

उत्तर आलं नाही. मामा म्हणाला, पत्र हातात घेतलंस, खिशात घातलंस. वाचलंस का, ते त्याला माहीत नाही.

तुला आमची सकाळची प्रार्थना माहीत आहे. हेडगर्ल एकेक विनंती वाचते आणि सगळ्या मिळून म्हणतात, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." आजारी माणसांसाठी, परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, असं. मी भिंगरीसाठी वाचलं आणि सगळा हॉल एका आवाजात म्हणाला. मी कागद घडी करायला लागले तेव्हा मोठ्या सिस्टर शेजारून म्हणाल्या, "आणि गाडी चालवणाऱ्यासाठी." त्यांचा आवाज मोठा नाही, पण माइक होता.

कुणीच काही म्हणालं नाही. मीसुद्धा नाही, दादा. अख्खी शाळा उभी आणि पंख्यांचा आवाज. मग अगदी मागून, दाराजवळून, शिपाईकाकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि ते एकटेच म्हणाले, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." तिला रस्त्यावरून उचलून रिक्षात घालणारे तेच. त्यांच्या शर्टावर तिचं रक्त होतं.

दहावीच्या मुलींनी पाळ्या लावल्यात. रोज शाळा सुटली की दोघी हॉस्पिटलमध्ये जातात, झालेला अभ्यास सांगतात, तिची आई तेवढ्यात घरी जाऊन बाळाचं बघून येते. पाळ्या वकिलीणबाईंनी लावल्या. ही माझ्या वर्गातली, हेडगर्लच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभी होती ती. 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी "कशावरून?" विचारते, म्हणून हे नाव. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझी पाळी कुठल्या दिवशी?"

"मी कशी जाऊ?"

"पायांनी," ती म्हणाली आणि बुधवार दिला.

बुधवारी वॉर्डाच्या दारात गेले तर पाय आत पडेना. भिंगरीचा पाय वर टांगलेला. तिनेच हाक मारली.

"ताई, तू त्या गाडीवाल्याची बहीण ना?"

"हो."

तिने उशाखालची वही बाहेर काढली. मग म्हणाली, "मला भागाकार येत नाही. कालच्या ताईने शिकवला, पण ती फार ओरडते."

मी भागाकार शिकवला. तिला खरंच येत नाही. शून्य दिसलं की ती ते खाऊन टाकते.

तुझी,
ठकी


शुक्रवार, ४ ऑगस्ट

दादा,

हे पत्र लांबणार आहे आणि मधे तू रागावणार आहेस. तरी शेवटपर्यंत वाच.

भिंगरी आता घरी आलीय, पण पाचवीचा वर्ग अगदी वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, लिफ्ट नाही. तिचे बाबा शाळेत आले होते. एका शिक्षकांनी सुचवलं, रोज कुणीतरी उचलून नेऊ. ते म्हणाले, "माझी मुलगी काय पोतं आहे? यंदाचं वर्ष ती घरीच राहील." भिंगरी वर्षभर घरात बसेल, ही गोष्टच मला सहन होईना. मी मोठ्या सिस्टरांकडे गेले आणि म्हटलं, दहावीचा वर्ग पाचवीला द्या, आम्ही वर जातो.

तुला हा वर्ग काय आहे ते माहीत नाही. चॅपलच्या शेजारी, तळमजल्यावर, दारातून थेट बागेत पाय. समोरच थंड पाण्याचा नळ. पाचवीपासून प्रत्येक मुलगी त्या दारावरून जाताना म्हणते, आम्ही दहावीत गेलो की. वर्षानुवर्षं वाट बघून आम्हाला तो जूनमध्ये मिळाला.

सिस्टर म्हणाल्या, "मी हुकूम देऊ शकते. त्याने खोली मिळेल, मुली मिळणार नाहीत. तू त्यांच्याशी बोल."

बोलले. मी काही भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्यही आठवलं नाही. वर्गात एकदम गलका. एक म्हणाली, आमचं बोर्डाचं वर्ष आहे, वर पत्रा तापतो. ते खरं आहे. मग वकिलीण उभी राहिली.

"स्पष्ट बोलू का? गाडी हिच्या भावाची. पळाला हिचा भाऊ. आणि खोली आम्ही सोडायची? तुमच्या घरचं ओझं आमच्या डोक्यावर का?"

मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मनात राग नव्हता. तिचं म्हणणं मलाच पटत होतं, म्हणून ठेवला.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली. ही वर्षभर कधी हात वर करत नाही. ती म्हणाली, "इन्स्पेक्टर वर्गात येऊन विचारत होते, गाडी कुणी पाहिली का, तेव्हा आपण सगळ्या खाली बघत होतो. ही एकटी उभी राहिली. तू राहिली असतीस, स्वतःच्या भावासाठी?"

आता तुला सांगावंच लागेल.

अपघात झाला तेव्हा मी वर्गात नव्हते, ते मी खोटं लिहिलं होतं. माझी गेटवर ड्यूटी होती. पांढरी गाडी वळणावरून आली तेव्हाच कळलं तू आहेस, कारण त्या वळणावर तुझ्याइतका जोरात कुणी येत नाही. मी आईसमोर तुला कितीदा तरी हळू चालव म्हणून सांगितलं होतं आणि तू माझी वेणी ओढून म्हणायचास, हेडगर्ल बाई, आम्हाला पण शिस्त लावा. ती उडाली ते मी पाहिलं. तू ब्रेक लावलास, दार उघडलंस, एक पाय खाली टेकवलास. मला वाटलं, आता येतोय. मग तू पाय आत घेतलास.

गाडीवर नाव नव्हतं, नंबर कुणाला दिसला नव्हता. मी गप्प बसले असते तर कदाचित कधीच कळलं नसतं. इन्स्पेक्टरने विचारलं आणि मी उभी राहिले. मोठा विचार करून नाही. शिक्षकांनी विचारलं की हेडगर्लने उभं राहायचं, तशी उठले, आणि मग बसता येईना. "तो माझा दादा आहे," एवढंच म्हणाले.

पोलिसांनी ते आईला सांगितलं. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, वेणी घालते, पण तोंडाला कुलूप. जरा कमी बोलते असं मी लिहिलं होतं. तुझ्या काळजीत भर नको म्हणून.

तिकडे वर्गात वकिलीण आपल्या बाकातून बाहेर पडली. मग टेबलाशी आली, बिल्ला उचलून माझ्या हातात दिला. "लाव. खोलीचं भांडण वेगळं, बिल्ल्याचं वेगळं. दोन्ही एकत्र करून मला वाईट ठरवू नकोस." खोलीचा निर्णय सोमवारवर गेलाय.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव. पण कळव.

ठकी


रविवार, २० ऑगस्ट

दादा,

मामा म्हणाला, तू ते पत्र वाचून बाहेर गेलास आणि उशिरा परत आलास. जेवलास म्हणे. मामा तुझ्या बाजूने काही सांगत नाही आणि माझ्याही नाही. तो म्हणतो, "मी पोस्टमन, वाईट बातम्यांचा आणि फुकटचा."

खोली दिली. मी मन वळवलं असं समजू नकोस. सोमवारी वकिलीण उठली आणि तिने दोन्ही बाजू स्वतःच मांडल्या. आधी खोली का सोडू नये ते असं सांगितलं की मलाच पटलं. मग म्हणाली, "आता दुसरी बाजू. भिंगरी माझ्या पाळीला मला विचारत होती, ताई, माझ्या बाकावर आता कोण बसतं. मी म्हटलं कुणी नाही. ती म्हणाली, खोटं." एवढं बोलून बसली. पुढे काही मांडलंच नाही. हात वर झाले. काही हात खालीच राहिले, आणि त्या मुलींवर कुणी डोळेही वटारले नाहीत.

शनिवारी बाकं हलवली. शिपाईकाका जिन्याच्या वळणावर उभे राहून "उजवीकडे, अगं उजवीकडे, जेवतेस तो हात" असं ओरडत होते. वरून पाचवीची छोटी बाकं खाली, खालून आमची मोठी वर. मधे दोन बाकं अडकली तेव्हा ना वरचं खाली येईना, ना खालचं वर जाईना, आणि सगळ्या हसत सुटल्या. ज्यांनी हात वर केले नव्हते त्याही आल्या होत्या. एक म्हणाली, "माझं मत नाहीये, पण माझं बाक मीच नेणार." मोठ्या सिस्टर बाह्या दुमडून खुर्च्या वाहत होत्या आणि कुणी हातातली खुर्ची घ्यायला गेलं की रागवायच्या.

वर खरंच उकडतं, दादा. पण खिडकीतून लांबवरचा पूल दिसतो.

आता आईचं. भिंगरीला टाके दाखवायला परत हॉस्पिटलमध्ये नेणार होते, माझी पाळी होती म्हणून मी गेले. बाहेर बाकावर भिंगरी बसलेली आणि मागे आई. आपली आई. लाँड्रीचा एप्रन अंगात, दातात रबर धरलेलं, ती भिंगरीच्या केसांची वेणी घालत होती. भिंगरीचे बाबा शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मला बघून भिंगरी म्हणाली, "ताई, या लाँड्रीच्या मावशी आहेत. मी ॲडमिट होते तेव्हा रोज माझी चादर याच बदलायच्या. दुसऱ्या मावशी करकचून आवळतात, या नाही."

आईने लाँड्रीत सांगून तो वॉर्ड मागून घेतला होता. कुणाला कळू दिलं नाही. मी तर समजत होते, ती माझ्यावर चिडून उशिरा घरी येते.

येताना आम्ही दोघी चालत आलो. कोपऱ्यावर आई एकदम म्हणाली, "मी तुझ्यावर रागावले नव्हते. मी त्या वर्गात असते तर उठले नसते, याचा मला राग आला होता."

मी तिची पिशवी घेतली. तिने घेऊ दिली.

तुझी,
ठकी


शनिवार, ९ सप्टेंबर

दादा,

हे तुझ्यासाठी निरोप म्हणून लिहितेय. शब्द माझे नाहीत, म्हणून जसेच्या तसे देते.

भिंगरी सोमवारपासून शाळेत येते. चाकाच्या खुर्चीतून येते, पाय समोर सरळ ठेवून. तिचे बाबा पहिल्या पाळीला जाण्याआधी गणवेशातच तिला सोडतात. काल ते गेटपाशी थांबले. मी ड्यूटीवर होते.

"भावाला पत्र लिहितेस का तू?" त्यांनी विचारलं.

माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "हो. पत्ता मला माहीत नाही, देवाशपथ. पण पोचतात."

"पत्ता मी विचारला नाही." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "त्याला लिही. त्या दिवशी तो थांबला असता तर मी त्याला रस्त्यावर मारला असता. खोटं कशाला बोलू. महिनाभर मी रोज बसमध्ये चढणारी तोंडं बघत होतो, हा असेल, तो असेल. आता दमलो. मला त्याला मारायचं नाही. पण माझी पोरगी विचारते, बाबा, तो उतरला का नाही? मला उत्तर येत नाही. ते त्याने येऊन द्यावं. मला नको. तिला."

मी म्हटलं, लिहिते.

"आणि तुझी आई," ते म्हणाले. "ती कोण आहे ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. वॉर्डबॉयने सांगितलं. तिला सांग, मी बोललो नाही कारण वेणी चांगली घालत होती."

मग त्यांची बस आली आणि ते धावले.

दादा, मी तुला ये म्हणणार नाही. तुला आत टाकतील, ते मला कळतं. आई रोज दारातल्या चपला मोजल्यासारखं बघते, तेही तुला लिहायचं नव्हतं. मी फक्त निरोप पोचवला.

ठकी


रविवार, १ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र मामाकडून नाही, वकिलांच्या हाती येतंय. खऱ्या वकिलांच्या. आमच्या वकिलीणबाईंना कळलं की कोर्टात काळा कोट असतो, तेव्हापासून तिने पुढचं ठरवून टाकलंय.

तू स्वतः चौकीत गेलास हे मला मामाने सांगितलं तेव्हा मी पायऱ्यांवर बसूनच राहिले. मामा म्हणाला, वाटेत तू एक शब्द बोलला नाहीस, फक्त चौकीच्या दारात म्हणालास, "ठकीला सांग, मी पण तिला गेटवर पाहिलं होतं, आरशात. म्हणून पाय आत घेतला. तिच्यासमोर उतरायची हिंमत झाली नाही." मामा हे सांगताना नाक पुसत होता आणि सगळं ऑइल चेहऱ्याला लागलं.

हे ऐकून मला वाईट वाटलं की बरं, ते मलाच अजून कळलेलं नाही. कधी कळलं तर लिहीन.

आता शुक्रवारची गोष्ट ऐक. डॉक्टरांनी भिंगरीला कुबड्या दिल्या. पहिल्यांदा वर्गापर्यंत स्वतः जायचं, गेटपासून तळमजल्याच्या पॅसेजच्या टोकापर्यंत. आदल्या दिवशी तिची आई मला म्हणाली, ती घाबरलीय, सगळे बघतील आणि ती पडेल. मी सकाळच्या प्रार्थनेनंतर माइकवर सांगितलं, "उद्या कुणीही बघायचं नाही. टाळ्या नाहीत, रांगा नाहीत. ती येईल तेव्हा आपापलं काम करायचं."

हेडगर्ल झाल्यापासून माझं इतकं कुणी कधी ऐकलं नसेल. शुक्रवारी अख्खी शाळा त्या पॅसेजमध्ये कामात होती. आठवीच्या मुली एकच फळा पुसत होत्या, सहा जणी मिळून. एक जण उलटं पुस्तक वाचत होती. वकिलीण भिंतीवरच्या जुन्या फोटोशी वाद घालत असल्यासारखी उभी. मोठ्या सिस्टर कुंडीतल्या एकाच रोपाला पाणी घालत राहिल्या, पाणी जमिनीवर वाहायला लागलं तरी. शिपाईकाका घंटेचं घड्याळ पुसत होते. तिचे बाबा गेटपाशी पाठ फिरवून उभे, बसची वाट बघत, आणि बस समोर येऊन गेली तरी चढले नाहीत.

कुबड्यांचा आवाज येत होता. टक, मग पाय घासल्याचा, मग परत टक. मधे एकदा थांबला. मी नोटीस बोर्डावरची एकच ओळ वाचत होते. माझी मान दुखायला लागली, पण वळवली नाही. मग परत टक.

वर्गाच्या दारात ती पोचली. आणि मग तिचा आवाज, चिडलेला, रडवेला:

"अरे, कुणी बघत का नाही?"

मग सगळ्या वळल्या. तो आवाज तुला तिथे चौकीपर्यंत आला असेल.

सुनावणी गुरुवारी आहे. आई आणि मी येतो. कंडक्टरकाका येणार आहेत आणि भिंगरीने हट्ट धरलाय म्हणून तीही. तिला उत्तर काय द्यायचं ते तू ठरव, मी सुचवणार नाही. फक्त एक कर. ती तुझ्याकडे बघेल तेव्हा मान खाली घालू नकोस.

तुझी,
ठकी